लाल पट्ट्याचं टिपाड

लातूरच्या माणसाचं घर निम्मं माणसांचं आणि निम्मं पाण्याच्या भांड्यांचं असतं. शहर कोरडंठाक पडलं होतं त्या सालापासून आम्ही कुणी एकही भांडं टाकलं नाही. जिन्याखाली कॅन, न्हाणीच्या दाराशी हंडे, गच्चीवर टिपाडं, म्हणजे ते दोनशे लिटरचे निळे ड्रम. नळाला पाणी आलं तरी आमचा त्याच्यावर विश्वास बसत नाही.

यंदा उन्हाळ्यात मी घर आवरायला घेतलं. मुलगी पुण्याला नोकरीला गेली, घर मोठं वाटायला लागलं होतं. मी एक नियम केला, की घंटागाडीत काही जाणार नाही. प्रत्येक वस्तूला कुठंतरी घर मिळालं पाहिजे. जुन्या साड्यांच्या पिशव्या झाल्या, तेलाच्या डब्यांत कोथिंबीर उगवली, भाज्यांच्या देठांचं खत व्हायला लागलं. फरशी पुसायला रिठ्याचं पाणी. फिनेलची बाटली मी घरात येऊ देईना.

"भंगारवाल्याच्या पोटावर पाय देऊन राहिलात तुम्ही," बायको म्हणायची. पण पिशव्या तीच शिवायची, आणि कॉलनीतल्या बायका बघायला आल्या की चहाही तीच करायची. कॉलनीच्या बैठकीत मला दहा मिनिटं बोलायला लावलं. मी फार बोलणारा माणूस नाही. त्या दिवशी बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला त्या आवडल्या. पुढचं सगळं समजायला हे सांगणं भाग आहे.

शेवटी गच्चीवर एकच वस्तू उरली. एक टिपाड.

देवणीकडं आमचं थोडं रान आहे. आता बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला दिलंय, पण काही वर्षं मीच करत होतो. रानात दोन टिपाडं असायची. एक पाण्याचं. दुसरं फवारणीचं, त्यात औषध कालवायचं आणि तिथून पाठीवरचे पंप भरायचे. दोन्ही निळी, दोन्ही सारखी. म्हणून फवारणीच्या टिपाडाला गळ्याशी लाल पट्टा ओढायची आमच्याकडं रीत आहे. लाल पट्ट्याचं टिपाड बांधावरच राहतं, घरात येत नाही. लेकराला वाचता येत नसलं तरी तो पट्टा कळतो. आमच्या टिपाडाचा पट्टा मीच ओढला होता. रान बटईनं देताना बाकीच्या सामानाबरोबर ते टेम्पोत आलं आणि गच्चीवर पडून राहिलं.

भंगारात घालणं मला पटेना. तिथून ते कुणाच्याही घरी पाण्याला गेलं असतं. हा विचार तेव्हा मला बरोबर सुचला होता, हे विशेष.

त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीचा नांदेडहून फोन आला. तिनं गावाबाहेरच्या प्लॉटिंगमध्ये नवं घर बांधलंय, तिकडं नळ चार-पाच दिवसांनी येतो. तिची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा सरत आलेला. "दादा, एखादं टिपाड असलं तर दे की. पोरीला न्हायला-धुवायला पाणी लई लागतं."

"आहे," मी म्हणालो. लगेच म्हणालो.

दोन दिवस मी ते टिपाड धूत होतो. सोडा, रिठा, लिंबाची सालं. पट्टा निघेना, तेव्हा वाळू आणि काथ्या घेऊन घासत बसलो. थिनरनं चटकन निघाला असता, पण थिनर विषारी असतं म्हणून वापरलं नाही. घासताना दुपारच्या उन्हात प्लास्टिक तापलं आणि आतून वास आला. औषधाचा. मी झाकण लावलं.

बायको कपडे वाळत घालायला वर आली. "हे फवारणीचं तर न्हाई ना?"

"छे. ते रानातच राहिलं. हे पाण्याचं."

तिनं एकवार टिपाडाकडं बघितलं आणि खाली गेली. डाळीची पोती घेऊन नांदेडला निघालेल्या एका ओळखीच्या टेम्पोत मी ते चढवून दिलं. गच्ची मोकळी झाली. मी तिचा फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला.

पुढच्या आठवड्यात सकाळी बहिणीचा फोन. स्पीकरवर होता, मागं सगळं घर ऐकू येत होतं.

"दादा, टिपाड लई झकास निघालं बघ. काल नळ आला, काठोकाठ भरून घेतलं. जारवाला येऊन नाही राहिला, म्हणून माठ बी त्यातूनच भरला. पण तुझी भाची! पाण्याला वास येतो म्हणती."

"मामा, खरंच येतो," भाची मागून म्हणाली. "औषधासारखा."

"हिला भाताचा वास येतो, माझ्या शर्टाचा वास येतो," दाजींचा आवाज आला. "उद्या बापाचाच वास येतो म्हणून मला बाहेर झोपवंल. मी तर तांब्याभर पिलो, मला काय झालं?"

सगळे हसले. मीही हसलो. "डोहाळे असतील," मी म्हणालो. "लिंबू पिळून द्या तिला."

फोन ठेवला. बायको मशीनवर पिशवी शिवत होती. मी खुर्चीत बसलो आणि स्वतःशी हिशेब जुळवायला लागलो. फवारणी बंद होऊन किती दिवस झाले. मधे पाऊस पडला, ऊन पडलं. मी इतकं धुतलं. हे सगळं खरं होतं. वासही खरा होता. त्या घरात तो एकट्या पोरीला येत होता आणि आम्ही तिलाच हसलो होतो.

मी परत फोन लावला.

"अगं, त्या टिपाडाला खालून गळती आहे. विसरलो सांगायला. रिकामं करून टाक."

"कुठली गळती? खाली फरशी कोरडी ठणठणीत हाय."

"बारीक असंल. आणि माठातलं पण टाकून दे. जारचं आण."

"दादा, तुला काय झालंय? एका सकाळी दोनदा फोन करणारा माणूस न्हाईस तू." मग ती मागं वळून ओरडली, "ए पोरी, थांब, आलेच मी!" आणि मला म्हणाली, "काल संध्याकाळपासून घोटभर पाणी न्हाई पोरीच्या पोटात. या उन्हात! नाक दाबून पाजते आता. पोटातल्या लेकराचं काय व्हायचं? ठेवू?"

"पाजू नको."

"का?"

मशीन थांबलं. बायको माझ्याकडं बघत होती.

"ते फवारणीचं टिपाड आहे," मी म्हणालो. "आपल्या रानातलं. लाल पट्टा मी घासून काढला."

  बहीण इतकंच म्हणाली, "ठेव फोन."

बायकोनं उठून माझ्या हातात पैसे आणि पाण्याची बाटली दिली. "पाण्याचं म्हणाला होतात तुम्ही मला," ती म्हणाली. मी चप्पल घातली.

एसटीत बसलो. अहमदपूरपर्यंत फोन लावत होतो, कुणी उचलेना. शेजारच्या बाईंनी विचारलं, घरी कुणी सीरियस हाय का? मी मानेनं नाही म्हणालो, मग हो म्हणालो. लोहा गेल्यावर बाटली उघडली. पाणी तोंडाशी नेलं आणि परत झाकण लावलं.

घराला कुलूप होतं. शेजारणीनं दवाखान्याचं नाव सांगितलं. "सगळेच गेलेत की. काय झालं हो?"

दाजींना सलाईन लावलं होतं. वाटेत रिक्षातच त्यांना दोनदा उलटी झाली होती. विषानं की भीतीनं, ते शेवटपर्यंत कुणी छातीठोक सांगितलं नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "औषध कोणतं होतं? नाव आठवा." मला दोनच नावं आठवली, एक तणाचं, एक अळीचं. रिकामे डबे असते तर नक्की सांगता आलं असतं. पण ते मी रान सोडतानाच आवरून टाकले होते. आताचा बटईदार तेव्हा आमच्याकडं फवारायला यायचा, त्याला फोन करून खात्री करून घेतली, तेव्हा कुठं डॉक्टरांनी मान हलवली.

भाचीनं फक्त चूळ भरली होती, आणि त्याच पाण्यानं अंघोळ केली होती. बाळाचे ठोके ठीक होते. तरी एक रात्र ठेवून घेतलं सगळ्यांना.

बहीण पॅसेजमधल्या बाकावर बसली होती. मी शेजारी बसलो नाही, समोर उभा राहिलो.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"कधीपास्नं?"

"पहिल्यापासून. पट्टा मीच ओढलेला होता."

"मग का रे, दादा?"

विसरलो म्हणावंसं वाटलं. ती मानायला तयार होती, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "टाकून द्यायचं जिवावर आलं," मी म्हणालो. "काहीच टाकलं नाही, असं सगळ्यांना सांगितलं होतं."

 ती उठून पोरीच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी टिपाड मी परत लातूरला आणलं. कुऱ्हाडीनं बुडाला भोकं पाडली आणि गळ्याशी पुन्हा लाल पट्टा ओढला. ते अजून गच्चीवर आहे. कुठं द्यावं ते कळलेलं नाही. कॉलनीतल्या लोकांना मी ते का ठेवलंय तेही सांगितलं. पुढच्या बैठकीला मला कुणी बोलायला लावलं नाही.

आषाढात भाचीला मुलगी झाली. बाळ चांगलं आहे, दाजीही चांगले आहेत. बारशाला बायकोनं तिच्या मऊ झालेल्या सुती साडीचं दुपटं शिवलं. मी ते बहिणीच्या हातात दिलं. तिनं घडी उलगडली आणि नाकाशी नेली.

"कशात धुतलंय?"

"रिठ्यात. मी नाही, हिनं धुतलंय."

बहिणीनं दुपटं लेकीकडं दिलं. "तू बघ गं आधी."

भाचीनं त्यात नाक खुपसलं. खोलीत पाळण्याशी बायका बसल्या होत्या, दाजी दारात उभे होते. यावेळी कुणी हसलं नाही. सगळे तिच्या तोंडाकडं बघत थांबले, मीही.

"काही येत नाही," ती म्हणाली, आणि बाळाखाली दुपटं अंथरलं.