सरकारदरबारी मी एकटाच

काल सकाळी नांदेडच्या आमच्या घरातून सौ. नाहीशा झाल्या... आणि त्या वेळी त्या स्वयंपाकघरात भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला परतत होत्या!

माझे पारायण सुरू आहे. अध्याय संपेपर्यंत बोलायचे नाही, हा नेम. नेमके तेव्हाच सरकारी कुटुंब-पाहणीची मुलगी टॅब घेऊन ओसरीवर आली.

"आजोबा, घरात किती माणसं?" मी मान वर केली नाही. ती जरा थांबली, घड्याळ पाहिले आणि म्हणाली, "एकच धरते, आजोबा." मी ते ऐकले... आणि ओवी पुढे वाचली.

अध्याय संपला तोवर माहिती पाठवून झाली होती. पदराला हात पुसत सौ. बाहेर आल्या. "मंग मी कोण हाय गं? पाहुणी?"

पोरगी कावरीबावरी झाली. एकदा पाठवले की तिला ते उघडता येत नाही. सुपरवायझरला फोन लावला, तर तो म्हणाला, "राहू दे, पुढचं घर घे."

"बाळ, तू कोणत्या खात्याची?" मी विचारले.

"खातं सरकारचं, आजोबा. काम कंपनीचं. मी कंपनीच्या ठेकेदाराची."

कचेरीत तक्रार करतो म्हणताच तिचे डोळे भरले. तक्रार आली की ठेकेदार चूक बदलत नाही, माणूस बदलतो... किनवटहून येऊन ती या कामासाठी इथे खोली करून राहिली आहे.

सौ.नी तिच्यापुढे बशी ठेवली. "खा आधी. घरात एकच माणूस हाय, तर हे कुणी केलं, तेबी लिव्ह तुझ्या टॅबात." ती रडता रडता हसली.

मला मात्र चैन नाही. जन्मभर खोटी साक्ष टाळली, आणि काल ती माझ्याच मौनातून गेली. अशी किती घरे अर्धी होऊन पुढे गेली असतील...

आज अर्ज लिहिला. मुलीचा उल्लेख नाही. मी उत्तर दिले नाही म्हणून चूक झाली. आम्ही दोघे आहोत, एवढेच. खाली सौ.नी ठसठशीत सही केली.

तो अर्ज घ्यायचा कोणी, हे कचेरीत अजून ठरलेले नाही. उद्या पुन्हा जाणार आहे. आणि दारात कोणी आले तर ओवी अर्ध्यावर सोडून उठणार आहे... देव तेवढे थांबेल.