भरलेली सडक सोडणारे नाईक

धंद्यात मला फसवणारी माणसं पुष्कळ भेटली, आणि त्यांतल्या बहुतेकांची मी पुढे परतफेडही केली. पण ज्याने मला सपशेल हरवलं असा माणूस साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात एकच झाला, आणि आपण कोणाला हरवलं आहे याचा त्याला पत्ताही नव्हता. मी भांडीवाला. पाठीवर अल्युमिनियमच्या पातेल्यांचं गाठोडं घेऊन बाजार करायला लागलो तेव्हा पायांत चप्पल नव्हती. आज यवतमाळात माझं दुकान आहे. ते मी कोणाच्या मेहरबानीवर उभं केलेलं नाही, जिभेवर उभं केलं आहे. भाव सांगणाऱ्याचा पहिला शब्द मी आजवर मानला नाही, मग तो भाजीवाला असो, वकील असो की मुलीच्या सासरचा माणूस. डोकंही माझं लवकर तापतं. अशा माझ्यासारख्याने ज्यांच्याकडे बघून तोंडात बोट घातलं त्यांच्याबद्दल लिहायचं, तर आधी कबूल केलं पाहिजे की माझा त्यांच्यावर राग होता, आणि तो थोडाथोडका नव्हता.

त्यांना सारे नाईक म्हणत. नाईक म्हणजे बंजाऱ्यांच्या तांड्याचा मुख्य. त्यांच्या आजाने लदेणी केलेली, म्हणजे शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडलेला. नातवाकडे बैलांच्या जागी मोटरी आल्या, बाकी काही बदललं नाही. पाच सर्व्हिस मोटरी होत्या त्यांच्या. चारांना बैलांची नावं होती आणि सर्वांत जुनीला, जी लढाईच्या काळात कोळशाच्या गॅसवर चालायची, तिला ते डोकरी, म्हणजे म्हातारी, म्हणत. मालक असून कधी ड्रायव्हरशेजारी बसले नाहीत. सर्वांत मागच्या बाकावर, खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून बसायचे, कारण त्यांच्या आजाने सांगितलं होतं की नाईकाने मागून चालावं, म्हणजे काय पडलं आणि कोण राहिलं ते दिसतं. रोजच्या उतारूंपैकी एखादा आला नाही तर गाडी हलत नसे. वेळेची पाटी त्यांनीच लावलेली, पण तिच्याकडे बघायचे ते परक्याच्या पत्रिकेकडे बघावं तसे. एकदा बाभुळगावची एक म्हातारी आली नाही म्हणून आम्हा तीस जणांना उन्हात थांबवून ते तिच्या घरी गेले. परत आले ते तिला घेऊन नव्हे, तर तिला पडसं झालंय ही बातमी घेऊन, आणि ती त्यांनी गाडीतल्या प्रत्येकाला वेगवेगळी सांगितली.

दुपारच्या खेपेला वाटेतल्या एका विहिरीवर गाडी थांबलीच पाहिजे आणि साऱ्यांनी उतरून पाणी प्यायलंच पाहिजे असा त्यांचा दंडक होता. माझा बाजार खोळंबायचा. मी एकदा चिडून विचारलं की गाडीला पाणी लागत नाही, मग उतरवता कायले? ते शांतपणे म्हणाले, "गाडीले नसन लागत, शेट. मानसाले लागते." शेट म्हणताना त्यांच्या आवाजात आदर असायचा की चेष्टा, हे मला नऊ वर्षांत ठरवता आलं नाही.

त्यांच्याशी घासाघीस करायचा मी एकदाच प्रयत्न केला. घाटंजीच्या बाजाराला माझी सहा पोती टपावर जायची. त्यांनी सामानाचं भाडं सांगितलं, मी सवयीने अर्धं सांगितलं. आता ते हात झाडतील, मी पाठ फिरवीन, ते हाक मारतील, असा सारा खेळ माझ्या डोक्यात मांडलेला. त्यांनी नुसती मान हलवली आणि अर्धं भाडं घेतलं. मी मनातल्या मनात मिशीला पीळ दिला. घाटंजीला उतरून पाहतो तर टपावर तीनच पोती. अर्ध्या भाड्यात त्यांनी अर्धा माल चढवला होता, चकार शब्द न बोलता, आणि उरलेली तीन पोती यवतमाळच्या स्टँडवर नीट ताडपत्री टाकून ठेवली होती. त्यातही चढवलेल्या पोत्यांत सारी पातेली आणि राहिलेल्या पोत्यांत सारी झाकणं. त्या दिवशी मी दिवसभर बिनझाकणाची पातेली विकली. एक बाई पातेलं उलटंसुलटं करून म्हणाली, "काहो, आमच्या घरी दूध उतू जावं असं वाटते का तुमाले?" पुढे मी कधी त्यांना अर्धं भाडं सांगितलं नाही.

असं सारं चाललेलं असताना, आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तापाची साथ आली. बाजार बंद झाले. माणसं माणसांना भ्यायला लागली. मोटरीत बसायचं म्हणजे शेजाऱ्याचा श्वास घ्यायचा, असं कोणीतरी उठवलं. पदरात कापूर बांधून बायका बसायच्या त्याही बसेनाशा झाल्या, गडी टपावर बसायला लागले आणि आतली बाकं रिकामी. नाईकांच्या पाचही मोटरी तरी रोज निघायच्या. मागच्या बाकावर ते एकटेच खिडकीतून बाहेर वाकून बसलेले, मागे राहिलेल्या कोणाला तरी शोधत असल्यासारखे. साथ गेली, पण भीती गेली नाही. लोकांना पुन्हा बैलगाडीची आणि पायांची सवय लागली होती. पेट्रोल तेवढंच, टायर तेवढेच, उतारू चिमूटभर. सहा महिन्यांत साऱ्या जिल्ह्याला दिसलं की पाच मोटरी काही टिकत नाहीत, फार तर एक टिकेल.

आता कोणती मोटर ठेवायची आणि कोणती सडक, यावर स्टँडवरच्या निंबाखाली बैठक झाली. सल्ला द्यायला अवघं यवतमाळ हजर, आणि सर्वांत मोठा आवाज माझा, कारण माझं सारं त्यात अडकलेलं. घाटंजीची मोटर गेली की माझा बाजार गेला. पोती पुन्हा पाठीवर घ्यायचं माझं वय राहिलं नव्हतं. मी त्यांना हिशेबी माणसाचा सल्ला दिला. नवी मोटर ठेवा, जुनी खटारी विका. घाटंजीची सडक ठेवा, तिच्यावर माणूस आहे. डोंगराखालची, तीन नाल्यांपलीकडची ती कच्ची वाट पहिली सोडा, तिच्यावर रोजची नऊ माणसं मोजून. नाईकांनी सारं ऐकून घेतलं. मग म्हणाले की त्यांच्या आजाच्या वेळी एका साली चारा सरला, तेव्हा आजाने तांड्यातले धडधाकट बैल आधी देऊन टाकले आणि म्हातारे ठेवले.

"काहून?" मी विचारलं.

"चांगला बैल कोनाच्याही दावनीले खपते, शेट. त्याले कोनीबी चारा टाकन. म्हाताऱ्याले कोन टाकन?"

"मंग म्हाताऱ्या बैलांवर तांडा चालत कसा होता तुमच्या आजाचा?"

"हळू," नाईक म्हणाले.

आणि त्यांनी खरोखर तसंच केलं. नवी मोटर विकायला काढली, मग तिच्याहून जुनी, मग तिच्याहून जुनी, अशा चार. राहिली डोकरी, आणि तिला त्यांनी लावलं नाल्यापलीकडच्या त्या वाटेवर. मला म्हणाले, घाटंजीची सडक भरलेली आहे, तिच्यावर उद्या कोणीही गाडी लावील, तुम्ही काळजी करू नका. मी काळजी करणारा माणूस नाही, मी भडकणारा माणूस आहे. भर स्टँडवर मी त्यांना ऐकवलं, "सरळ सांगा ना, आपल्या जातवाल्यांची सडक ठेवून राह्यले तुमी. नऊ साल तुमच्या गाडीत बसलो, त्याची हे किंमत." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डबा घेऊन डोकरीच्या रेडिएटरमध्ये पाणी ओतायला गेले. त्या गप्प राहण्याने मला जास्त झोंबलं. इतक्या वर्षांचा उतारू सोडताना ह्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही, हे मी मनात धरून ठेवलं.

पण सडक तर हवीच होती. तेव्हा नवी मोटर मीच घ्यायचं ठरवलं. तीन दिवस तयारी केली. मोटरीतला एकेक दोष काढून भाव खाली आणायला एक नावाजलेला मिस्त्री संगे घेतला. आम्ही पोचलो तर नाईकांनी आधी आम्हाला पाणी दिलं, मग मोटरीभोवती फिरवून स्वतःच सांगायला सुरुवात केली. उतरतीला हिचा तिसरा गेर सुटतो. डाव्या अंगाच्या स्प्रिंगचा पाटा तुटून जोडला आहे. पाऊस आला की मागच्या बाकावर उजवीकडे गळतं, तिथे बाईमाणसाला बसवू नका. थंडीत सकाळी तीन हँडल मारल्याशिवाय ती बोलत नाही. मिस्त्रीला सापडले असते ते सारे दोष सांगून झाले आणि सापडले नसते तेही सांगून झाले. मिस्त्री माझ्या कानाला लागून म्हणाला, "शेटजी, माही मजुरी राहू द्या." मला बोट ठेवायला एकही जागा उरली नाही. त्यांनी भाव सांगितला. जन्मात पहिल्यांदा मी पहिला भाव मानला. वर त्यांची एक अट, जी त्यांनी पाचांतल्या चारही मोटरींच्या गिऱ्हाइकांना घातली होती: गाडीसंगे ड्रायव्हर घ्यायचा, त्याला काढायचं नाही. चारही ड्रायव्हरांच्या घरी एक दिवस चूल थांबली नाही. मी घेतलेला ड्रायव्हर पुढे रोज दुपारी त्याच विहिरीवर गाडी थांबवून माझ्या उतारूंना पाणी पाजायचा, आणि मालक असून मला ते बंद करता आलं नाही.

नाईकांचं म्हणणं शब्दाशब्दाने खरं झालं. वर्ष पालटायच्या आत लोक परत फिरले, घाटंजीच्या सडकेवर माझ्याशिवाय आणखी दोघांनी मोटरी लावल्या, आणि पुढे काही वर्षांनी सरकारी गाड्या आल्या तेव्हा आम्हा तिघांचेही परवाने संपले. भरलेली सडक ज्याला त्याला हवी असते. मी दुकानात बसलो. सरकारी गाडीच्या टपावर माझी पोती जायला लागली. नाल्यापलीकडे मात्र सरकारी गाडी आली नाही, कोणाचीच आली नाही. तिकडे डोकरी चालते आहे असं मी ऐकून होतो, आणि मुद्दाम कधी चौकशी करत नव्हतो.

मग तिकडच्या एका लग्नाच्या भांड्यांची ऑर्डर आली म्हणून मला जावं लागलं. फाट्यावर सरकारी गाडीतून उतरलो. डोकरी कुठे दिसेना. पाटीवर वेळ लिहिलेली होती, सकाळी आठ, आणि पाटीखाली एक बैलगाडी उभी होती. गाडीत शाळेचे मास्तर, टपालाची थैली मांडीवर घेतलेला हरकारा, नर्सबाई, चारोळीच्या टोपल्या घेतलेले चार कोलाम आदिवासी आणि दोन बाया. कासऱ्यापाशी नाईक. केस पांढरे झालेले. डोकरीचं इंजिन बसलं, मागल्या उन्हाळ्यात, मास्तरांनी मला सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ही गाडी उभी होती. पाच मोटरींपासून सुरुवात केलेला माणूस एका बैलजोडीवर आला होता, आणि एक खेप चुकली नव्हती. मी आजवर पुष्कळ मोठे शेट, पुष्कळ मोठे अधिकारी पाहिले. कोणाकडे बघून माझं बोलणं असं बंद झालं नव्हतं.

भांडी चढवून मी त्यांच्या शेजारी बसलो. गाडी पहिला नाला उतरली. शेवटी इतक्या वर्षांचं पोटातलं मीच बाहेर काढलं. "नाईक, माही सडक सोडतानी तुमाले काहीच वाटलं नाही?"

त्यांनी कासरा सैल सोडला. "घाटंजीच्या अलीकडं माह्या मोठ्या बहिनीचा तांडा हाय," ते म्हणाले. "मी तथंच वाढलो. गाडी बंद केली त्या दिवसापासून तिच्या घरी गेलो नाही. त्या सडकेनं जाववत नाही मले."

म्हणजे त्यांची माणसं ह्या वाटेवर नव्हतीच, माझ्या सडकेवर होती. भर स्टँडवर मी जे बोललो ते ऐकून घेताना हे एक वाक्य त्यांच्याजवळ होतं, आणि त्यांनी ते माझ्या तोंडावर मारलं नाही. माझं तोंड पहिल्यांदाच नरम झालं. मी म्हणालो, "येत्या बाजाराले मी जातो. माह्यासंग चला. सकाळी जाऊ, सांजेले वापस."

त्यांनी मागे वळून पाहिलं. मास्तर पेंगत होते, नर्सबाई कोलामणीच्या हाताचा फोड बघत होत्या. "आन् त्या दिवशी या मानसायले कोन नेईन?" नाईक म्हणाले.

त्या बाजाराला मी घाटंजीच्या अलीकडे उतरलो आणि विचारत विचारत त्यांच्या बहिणीच्या घरी गेलो. म्हातारीने माझ्या हाती पाण्याचा तांब्या दिला आणि भाऊ कसा आहे विचारलं. बरे हाय, मी सांगितलं.

"आन् मोटर?"

"गाडी रोज आठ वाजता सुटते, बाई. एक दिवस खाडा नाही."

ह्यात एकही शब्द खोटा नव्हता. तिचं समाधान झालं. मला पोचवायला ती दारापर्यंत आली तेवढ्यात सडकेवरून सरकारी गाडी गेली, टपापर्यंत भरलेली, आणि ती धूळ बसेपर्यंत तिकडे बघत राहिली. "त्याची गाडीबी अशीच भरून यायची," ती म्हणाली.

हो, मी म्हणालो. त्या गाडीत मी बसलेला असायचो.