दसऱ्याला लावायचे सीटबेल्ट

“वेळ आली होती” असं आज इथे कुणी लिहिलं, तर सरळ ब्लॉक करेन.

सुहासदादाला, माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला, जाऊन आज वर्ष झालं. वर्षभर हेच ऐकतेय. वेळ आली होती. गाडीच अपशकुनी होती. देवाला चांगली माणसं लागतात.

पुरे झालं.

दादा डोलवीच्या कंपनीत सेफ्टीला होता. उंचीवर चढणाऱ्या माणसांचे हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे, तपासणं हे त्याचं काम. एक टाका उसवलेला दिसला तरी माणसाला खाली उतरवायचा. शिव्या खायचा, पण उतरवायचाच.

आणि घरी त्याची ती लाडकी. लाल, दोन सीटची, वर टप नसलेली, आमच्या दोघांच्या जन्माआधीची इंग्लिश स्पोर्ट्स कार. अलिबागकडच्या एका बंगल्यात गंजत पडली होती, ती टोचन करून पेणला आणली. मेघावहिनी म्हणायची, “माझी सवत आली.”

गाडी दुरुस्त होऊन उभी राहिली. राहिले फक्त सीटबेल्ट.

जुने पट्टे उन्हाने कडक झालेले, नखाने खरवडलं तर भुगा निघायचा. नवे निवडण्यात या माणसाने अख्खा पावसाळा घालवला. रोज व्हॉट्सॲपवर बकलचे फोटो. हा काळा की तो तपकिरी? सीटच्या लेदरला कुठला शोभेल?

मी वैतागून म्हटलं, “रेसवाल्यांसारखा चार पट्ट्यांचा हार्नेस लाव ना. तुझा तर धंदाच तो.”

“येडी हायस काय गो? डोक्यामागे रोलबारची लोखंडी कमान नाय. गाडी पलटली तर तो हार्नेस माणसाला ताठच धरून ठेवणार, वाकता पण यायचं नाय. मान जाईल. आपल्याला तीन पॉइंटचाच बरा.”

एवढं कळत होतं त्याला. पट्टा ओढला तर पत्रा फाटू नये म्हणून आतून जाड प्लेटा वेल्ड करून घेतल्या होत्या. भोकं तयार, बोल्ट तयार.

पार्सल आलं ते नेमकं पितृपक्षात.

पार्सल बघताच दादाने काय केलं? जुने पट्टे कापून टाकले. कंपनीतली सवय. रिजेक्ट झालेला पट्टा तिथे कापूनच टाकतात, चुकून कुणी पुन्हा वापरू नये म्हणून. मग नवे लावायला पाना हातात घेतला, तेवढ्यात वसंतकाका आले.

“पितृपक्षात गाडीला नवीन वस्तू लावतास? आपल्यात नाय चालत. दसरा तोंडावर आलाय, पूजा करून लाव.”

आणि दादा म्हणाला, “व्हय, तसंच करू.”

मला काकांइतकाच दादाचा राग येतो. त्याचे हात कुणी धरले नव्हते. जुनं कापताना कंपनीचा नियम पाळला, नवं लावताना घरचा. दोन्हीकडे गुणी बाळ. आणि मधल्या दिवसांत गाडीत एकही पट्टा नाही, हे या सेफ्टीवाल्याच्या डोक्यात आलं नाही?

आलं होतं. मीच घातलं होतं.

अण्णांचा, आमच्या वडिलांचा, म्हाळ झाला, त्या संध्याकाळी तो त्याच गाडीने माझ्याकडे वरसेला वड्यांचा डबा घेऊन आला. मी दारातच विचारलं, “बेल्ट कुठेयत?”

“आलेत गो. दसऱ्याला लावतो.”

“आणि तोवर?”

“तोवर हळू चालवतो.”

मी खूप बोलले. शेजारीण बाहेर आली इतकं बोलले. तो हसत म्हणाला, “तुझ्यापुढे कंपनीचा भोंगा पण काय नाय.” गाडी वळवली आणि गेला.

नागोठण्याच्या अलीकडे टेम्पो अंगावर आला, म्हणून गाडी बाजूला घेतली. तिथे रस्त्याच्या कामाची खडी टाकलेली. गाडी ढिगावर चढून थांबली. एक दिवा फुटला, बंपर वाकला. बस्स.

दादा बाहेर फेकला गेला.

डॉक्टर म्हणाले, बांधलेला असता तर चालत घरी गेला असता.

आज पेणला वर्षश्राद्ध होतं. जेवणं झाली आणि वसंतकाकांचा मुलगा नितीन बाइक काढायला लागला. डोकं उघडं. हँडलला कोरं हेल्मेट लटकलेलं, खोक्यासकट.

“घालत का नाहीस रे?”

“जुना फुटला गो ताई. हा दसऱ्याला काढायचाय.”

माझं डोकंच फिरलं. भटजी, पाहुणे, कुणाचं भान ठेवलं नाही.

“पितर म्हणजे कोण रे? आपले अण्णाच ना? ते म्हणाले असते का, लेका, आमचा पंधरवडा हाय, मर पण नवीन घालू नको? कानाखाली वाजवली असती त्यांनी!”

वहिनी दारात उभी होती.

काका उठले. मला वाटलं, आता मला झापणार. ते अंगणात उतरले, खोकं उघडलं, प्लॅस्टिक फाडलं आणि हेल्मेट नितीनच्या डोक्यावर चढवलं. हनुवटीखालची क्लिप त्यांना लागेना. नितीन म्हणाला, “मी लावतो बाबा.” त्यांनी ऐकलं नाही. क्लिप लागेपर्यंत तिथेच उभे राहिले.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “सुहासला लावू दिला असता तर…”

“तुमची काय चूक हो, काका,” असं म्हणायची रीत आहे. मी म्हटलं नाही. अजून म्हणवत नाही.

दादा, ज्यांचा मान राखायला थांबलास, त्यांच्याच पंक्तीला आज तुझं पान वाढलं. जेवून घे.

श्रद्धांजली राग उतरल्यावर वाहीन. आज नुसता नमस्कार.