चहा समुद्रात, डांबर पायावर

एसटीच्या खिडकीतून आईनं घावनांचा डबा दिला. आबा म्हणाले, "नाम्या, तोंड आवर. तिकडं मार खाशील तो तोंडामुळंच." मी म्हटलं, "इकडं काय कमी खाल्ला?" सगळे हसले. आबा नाही.

गाववाल्यांनो, मी इथं कुवेतला, शुऐब्याच्या रस्त्यांवर डांबर ओततो. चौथीनंतर शाळेनंच मला सोडलं, पण पोरगी शालू बी.ए.ला इतिहास शिकते. शुक्रवारी सुट्टीला फोनवर धडा वाचून दाखवते. त्या शुक्रवारी अमेरिका होती. विलायतेच्या सरकारनं चहावर कर लावला, लोकांनी चहा समुद्रात फेकला. करवाला सापडला की उघडा करून गरम डांबर फासायचे, वर पिसं चिकटवायचे.

मी ते साईटवर सांगितलं, कोंबडीसारखं नाचून. जोरात हशा!

आमचा मुकादम सखाराम, आपल्याच तालुक्यातला. थंड पाण्याच्या टाकीला कुलूप लावायचा. काम संपल्यावरच किल्ली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी बिहारचा राजू कोसळला, तोंडाला फेस. तरी सखाराम किल्ली देईना. पोरांनी कुलूप फोडून राजूवर पाणी ओतलं, मग सखारामला धरलं. फावड्यानं डोकं फोडलं, शर्ट फाडला. एकजण उकळत्या डांबराची बादली घेऊन आला. "नामूभाई, अब बनाते हैं मुर्गी!"

मी मध्ये घुसलो. शूर वगैरे काही नाही. तोंडातून निघालं, "अरे रुको, पंख कहाँ हैं?" बादलीवाला दचकला आणि डांबर माझ्या डाव्या पायावर. बूट निघाला तो कातडं घेऊनच. मी असा बोंबललो की सगळे सखारामला विसरले.

राजू वाचला. सखारामही.

मी दवाखान्यात पडलेलो असताना शालूनं पुढचा धडा वाचला. विलायतेचा राजा गेल्यावर ती अमेरिकेतली माणसं आपसातच भांडली. मग ऐन उन्हाळ्यात खिडक्या बंद करून नियम लिहायला बसली. "पप्पा, राजा नको म्हणणं सोपं होतं."

खरंय. इकडं टाकी खुली झाली त्याच दिवशी पाण्यावरून दोघांचे दात पडले. शेवटी खोलीत कोंडून घेऊन घामाघूम होत नियम ठरला: आधी आजारी, मग रांग. नवी किल्ली मला दिली. का? मला पळता येत नाही म्हणून. सखारामही डोक्याला टाके घेऊन रांगेत उभा राहतो. त्यालाही भरून ग्लास देतो.

आबांना फोन केला. "पायाला जरा चटका बसलाय, आता डांबर माझ्या अंगाला लागलं." आमच्या कामगार कॅम्पात या विनोदावर लोक हसून लोळतात. आबा हसले नाहीत. म्हणाले, "तोंडामुळंच ना?"

माझ्या विनोदाला जिथं कोणी हसत नाही, तेच माझं घर.