अयासच्या शेजारची जागा

देक्सियासच्या साच्यातून निघालेल्या देवीच्या मातीच्या पाट्या निम्म्या लोक्री गावानं देवळात वाहिल्या होत्या. पाटीच्या कोपऱ्यात त्याची खूण असे, एक छोटंसं डाळिंब. पण कारागीर म्हणून त्याला कुणी ओळखत नसे. त्याची गावात ओळख एकच, तो अयासचा शेजारी.

अयास म्हणजे ट्रॉयच्या लढाईतला आमचा अयास. त्याच नावाचा दुसरा एक होता, ताडमाड उंच, सगळं जग ज्याचं कौतुक करतं तो. तो नव्हे. आमचा धाकटा. पळण्यात पटाईत, भाला फेकण्यात पहिला आणि तोंडानं फाटका. ट्रॉय पडलं त्या दिवशी यानं काय करावं? थेट अथेनेच्या देवळात शिरून, मूर्तीला मिठी मारून बसलेल्या मुलीला फरफटत बाहेर काढलं. अथेना भडकली. परतीच्या वाटेवर तिनं याचं जहाज फोडलं, तरी हा पोहत पोहत एका खडकावर चढला. तिथं गप्प बसायला काय झालं होतं? पण नाही. निथळत्या अंगानं उभा राहून ओरडला की बघा, देवांच्या नाकावर टिच्चून वाचलो. समुद्रदेवानं तो खडकच दुभंगला. असा आमचा वीर. पण आमचा आहे, त्याला आता काय करणार.

आमची माणसं समुद्र ओलांडून इटलीच्या या टोकाला वसायला आली, तेव्हा त्यांनी भांडीकुंडी आणली, शेळ्या आणल्या आणि अयासलाही आणलं. सैन्यातून त्याचं नाव कधी काढलंच नाही. लढाईची रांग उभी राहिली की पुढच्या ओळीत मधोमध एका माणसाची जागा मोकळी सोडायची. तिथं अयास उभा राहतो. तो दिसत नाही, पण असतो. शंका काढणाऱ्याला म्हातारे काठीनं उत्तर देतात.

या मोकळ्या जागेच्या डावीकडे देक्सियास आणि उजवीकडे मिकोन. त्यालाही कारण होतं. मिकोन तेलाचा घाणा चालवायचा आणि दोघांच्या अंगणांमध्ये एक भिंत होती. भिंतीच्या या बाजूला देक्सियासचं अंजिराचं झाड, आणि त्याच्या चांगल्या फांद्या नेमक्या मिकोनच्या बाजूला. अंजीर कुणाचे, यावरून दोघं असे भांडले की पुढं बोलणंच बंद झालं. रांगेत शेजारी उभे केले तर शत्रू येण्याआधी एकमेकांनाच भोसकतील, म्हणून म्हाताऱ्या सेनानायकानं, कल्लिदामोसनं, दोघांच्या मध्ये वीराला उभं केलं. तेव्हापासून दोघांना काही सांगायचं झालं तर ते अयासमार्फत सांगत.

"अयास, तुझ्या डावीकडच्याला सांग, त्याची शेळी माझ्या परसात आली होती."

"अयास, तुझ्या उजवीकडच्याला सांग, शेळीला अक्कल असती तर ती तिकडं गेली नसती."

बिचारा वीर. ट्रॉयला एवढा त्रास झाला नसेल त्याला.

पण जागा होती मोठी फायद्याची. वर्षातून दोनदा सैन्याची कवायत व्हायची आणि कवायतीनंतर मेजवानी. जेवणातही रांग तशीच बसायची आणि अयासच्या जागेवर ताट मांडलं जायचं. मटणाचा पहिला, चरबीदार तुकडा त्याचा. मध घातलेली सातूची पोळी त्याची. दारूचा पेलाही काठोकाठ. वीर काही खायचा नाही. मग सूर्य कलला की ते ताट डावीकडच्या माणसाकडे सरकवायचं, कारण वीराची ढाल डावीकडच्याला झाकते, म्हणजे तो वीराच्या पदरचा माणूस. देक्सियास भक्तिभावानं डोळे मिटायचा आणि दोन्ही ताटं चाटून पुसून साफ करायचा. सगळे आवंढे गिळत बघायचे. अशी बरीच वर्षं गेली, लढाई काही झाली नाही, आणि देक्सियासचं चिलखत बायकोला दोनदा कडेनं सैल करून द्यावं लागलं.

आणि मग क्रोतोनचं सैन्य निघाल्याची बातमी आली.

क्रोतोन म्हणजे किनाऱ्यावरचं शेजारचं शहर, आमच्या कैकपट. सगळेच घाबरले, पण देक्सियास जरा जास्त. त्याच्या तेव्हा ध्यानात आलं ते असं. ढाल डाव्या हातात धरायची. निम्मी आपल्याला झाकते, निम्मी डावीकडच्याला. आपली उजवी बरगडी उजवीकडच्याच्या भरवशावर. आणि देक्सियासच्या उजवीकडे होती हवा. आजवर त्यानं या हवेचं मटण खाल्लं होतं. आता तिच्या ढालीवर जीव टाकायचा होता.

त्याला भीती वाटली की तो कच्चा कांदा खायचा. त्या दिवशी घरातले कांदे संपले.

"मिर्तो," तो बायकोला म्हणाला, "अथेनेचा त्याच्यावर अजून राग असेल का गं?"

"असणारच."

"मग तिनं लढाईत त्याच्यावर नेम धरला आणि जरा डावीकडे गेला तर?"

मिर्तो भाकरी थापत होती. तिनं वरही बघितलं नाही. "अहो, इतकी वर्षं त्याच्या वाट्याचं मटण खाल्लंत ना, मग आता त्याच्या वाट्याचा भालाही खा."

देक्सियास उठला आणि कल्लिदामोसकडे गेला. त्याला सगळं गाव काका म्हणायचं.

"काका, काल अयास स्वप्नात आला होता."

"बरं. काय म्हणाला?"

"म्हणाला, एवढी जागा लागत नाही. मेल्यावर माणूस बारीक होतो. वीतभर पुरे."

"माझ्याही स्वप्नात आला होता," काका म्हणाला. "म्हणाला, शेजारी माझं ताट खातो, म्हणून बारीक झालोय."

तिथं डाळ शिजली नाही. मग त्यानं अयाससाठी एक मातीची ढाल भाजली, चांगली जाडजूड, खुंटावर बसवायची. ती बघायला गाव लोटलं. मिकोननं भिंतीवरून डोकावून हवेला विचारलं, "अयास, तुझ्या डावीकडच्यानं हे ताट एवढं मोठं का केलंय?" काकानं ढाल परत पाठवली, वीराला मातीची ढाल देणं म्हणजे त्याला हिणवणं. शेवटी देक्सियासनं जागाच वाटायला काढली. ज्याला त्याला सांगत सुटला की वीराच्या शेजारी उभं राहण्याचा मान आता तूच घे, माझं वय झालं. जे वर्षानुवर्षं आवंढे गिळत होते त्यांचे एकाएकी गुडघे धरले, पाठी आखडल्या. एकाची तर सासू आजारी पडली, आणि ती वारून कितीतरी वर्षं झाली होती.

सगळ्यांची एकच आशा होती, स्पार्टा. तिकडं मदत मागायला जहाज गेलं होतं. जहाज परत आलं तेव्हा अख्खं गाव बंदरावर. देक्सियास सगळ्यांत पुढं. उतरले ते आपलेच दूत, जसे गेले तसे. त्यांच्या मागून दोघांनी एक बिछाना जपून खाली आणला. गाद्या, उशा, सगळं नीट मांडलेलं.

"माणसं कुठायत?" काकानं विचारलं.

"माणसं नाही दिली," दूत म्हणाला. "म्हणाले, आम्हालाच पुरत नाहीत. कास्तोर आणि त्याचा जुळा भाऊ घेऊन जा म्हणाले. हेलनचे भाऊ, पांढऱ्या घोड्यांवरचे देव. झोपलेत. हळू बोला."

म्हातारे लगेच वाकून नमस्कार करायला लागले. देक्सियासनं रिकाम्या गादीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. दोन देव बिछान्यावर, एक वीर रांगेत, आणि दिसणारी माणसं मूठभर. निम्मं सैन्य तर डोळ्यांना दिसतच नव्हतं.

साग्रा नदीच्या काठी दोन्ही सैन्यं समोरासमोर आली. देक्सियासच्या कमरेला शेवटचा कांदा होता, तो त्यानं उभ्याउभ्या खाऊन टाकला. उजवीकडून नदीचं वारं येत होतं आणि नेमकं बरगडीला लागत होतं. इतक्या वर्षांच्या कवायतीत ते कधी लागलं नव्हतं. वारा आत येतो तिथून आणखी काय काय येऊ शकतं, याचाच तो विचार करत राहिला. पलीकडे मिकोन त्याची मोठी ढाल धरून उभा होता आणि तिचा डावा अर्धा भाग हवेला झाकत होता. देक्सियासला त्या अर्ध्या ढालीचा मनापासून हेवा वाटला.

"अयास," मिकोन समोर बघत म्हणाला, "तुझ्या डावीकडच्याला सांग, ढाल वर धर. पोटाला धरलीय त्यानं."

देक्सियासनं ढाल वर घेतली.

क्रोतोनचा सेनापती चांगला धिप्पाड गडी होता. त्यानं आमच्या रांगेवरून नजर फिरवली, ती मधल्या खिंडारावर थांबली, आणि तो हसला. कोण हसणार नाही? एवढं मोठं दार उघडं ठेवून कुणी लढायला येतं का? तो सरळ त्या दाराच्या रोखानं धावत सुटला आणि त्याच्या मागून त्याची माणसं. खिंडारात शिरायचं आणि जाता जाता कडेच्या जाड्याला उजवीकडून भोसकायचं, एवढंच काम. भाल्याचं टोक आपल्याच बरगडीकडे येताना देक्सियासला स्वच्छ दिसलं.

त्यानं डोळे मिटले. आणि उजवीकडे, वीराच्या जागेत, उडी मारली.

शौर्य वगैरे काही नाही हो. मिकोनची अर्धी ढाल तिथं फुकट जात होती, तिच्याखाली घुसायचं, एवढंच डोक्यात होतं. भाला हातात होता तो पुढं रोखलेलाच राहिला. डोळे मिटलेले असताना कानाशी मिकोनचा आवाज आला, "आत ये, मेल्या." दंडाला धरून कुणीतरी त्याला ढालीमागं खेचलं, ढालीवर दाणकन काहीतरी आदळलं आणि त्याच वेळी त्याच्या हातातला भाला जड होऊन निसटला.

डोळे उघडले तेव्हा क्रोतोनचा सेनापती मागच्या मागं कोसळला होता. मांडीत भाला. आणि गुरासारखा ओरडत होता, "तिथं कुणी नव्हतं. मी बघितलं, तिथं कुणीच नव्हतं."

त्याच्या माणसांनी अयासच्या गोष्टी ऐकलेल्या होत्याच, स्पार्टाच्या बिछान्याचीही बातमी पोचली होती. पुढच्या ओळीतले मागं वळले, मागच्यांना वाटलं की पांढऱ्या घोड्यांवरचे जुळे आले. एवढं मोठं सैन्य आपल्याच पायांत अडखळत पळालं. देक्सियास गुपचूप सरकून आपल्या जागेवर आला होता.

दुसऱ्या दिवशी मेजवानी. गावभर एकच, अयासनं पाडलं, अयासनं पाडलं. त्याच्या ताटात दुप्पट मटण पडलं. देक्सियासचं आपल्या ताटाकडे लक्षच नव्हतं, कारण कल्लिदामोस हातात एक मोडका भाला घेऊन उभा होता. पळताना त्यांनी तो सेनापतीच्या मांडीतून उपसून टाकला होता. दांड्यावर कोरलेलं डाळिंब सगळ्यांना दिसत होतं, आणि ते डाळिंब ज्याच्या त्याच्या ओळखीचं होतं.

"देक्सियास, हा तुझा भाला. रिकाम्या जागेतून आला तो कसा?"

देक्सियासनं घाईघाईनं हिशेब केला. रांगेतली जागा सोडणाऱ्याला आमच्याकडे विहिरीवर पाणी भरू देत नाहीत. वीराच्या जागेवर पाय ठेवणाऱ्याला गावातच ठेवत नाहीत. खरं सांगितलं तर दोन्ही गुन्हे एकदम, आणि शत्रूचा सेनापती पाडल्याचं बक्षीस म्हणून फार तर गावाबाहेर पडताना भाकरी बांधून देतील. मिर्तो बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिच्या चेहऱ्यावरची थट्टा पार पुसली गेली होती.

"काका," तो म्हणाला, "अयासनं मागितला."

"काय?"

"भाला. म्हणाला, माझा समुद्रात बुडाला, तुझा दे जरा. शेजारी आहे, नाही कसं म्हणू?"

म्हाताऱ्यांत कुजबुज झाली. काकाचे डोळे देक्सियासवरून निघाले आणि रिकाम्या ताटाच्या पलीकडे जाऊन थांबले. "मिकोन, तू तर अगदी लागून होतास. तू काय बघितलंस?"

संपलं, देक्सियासला वाटलं. आता अंजिराच्या झाडासकट सगळं त्याचं.

मिकोननं हाड चोखून बाजूला ठेवलं. बोटं पुसली. सावकाश उठला. त्याच्या ढालीला नवा पोचा पडला होता, हंड्याच्या तोंडाएवढा, डाव्या बाजूला.

"अयासच होता," तो म्हणाला. "अंगानं जरा सुटलाय. आणि तोंडाला कांद्याचा वास मारत होता. पण होता."

कल्लिदामोसनं मिकोनकडे बघितलं, मग देक्सियासच्या पोटाकडे. म्हातारा काही दूधखुळा नव्हता. पण अख्ख्या गावाचा वीर पुरावा देऊन परत आला होता, त्याला हाकलायचं कशाला? त्यानं भाला वीराच्या ताटाशेजारी ठेवला आणि हात वर केला.

"एवढा मोठा पराक्रम केला आपल्या वीरानं. त्याचा मान वाढवायला हवा. पुढच्या कवायतीपासून त्याची जागा दोन माणसांची."

गावानं जयजयकार केला. देक्सियासनंही केला, करावाच लागला. उजव्या बरगडीला पुन्हा ते नदीवरचं वारं लागल्यासारखं झालं त्याला.

सूर्य कलला तसं वीराचं ताट त्याच्याकडे सरकलं. त्यानं डोळे मिटले नाहीत. मटणाचा मोठा तुकडा उचलला, रिकाम्या जागेवरून हात लांबवला आणि मिकोनच्या ताटात ठेवला. मिकोननं तो खाल्ला.

पुढची कवायत आली. रांग उभी राहिली, मधे दोन माणसांची जागा मोकळी. देक्सियास ढाल वर धरून, पोट आत ओढून उभा राहिला. काका पाठ करून पलीकडच्या टोकाला गेला, तसं मिकोननं समोर बघत बघत एक पाऊल डावीकडे टाकलं. मग आणखी एक. देक्सियासची उजवी बरगडी ढालीच्या सावलीत आली.

"मिकोन," देक्सियास म्हणाला, "त्या अंजिरांचं म्हणशील तर..."

"तोंड मिट आधी," मिकोन म्हणाला. "कांदा खाऊन आलायस."