सहा सिलिंडरांचा ब्लॉक घेऊन सौंदड, गोंदिया, देवरी

या ब्लॉगवर मी आजवर कमी खर्चातल्या देवदर्शनाच्याच सहली लिहिल्या. कोणत्या धर्मशाळेत गरम पाणी मिळतं, कुठला डबा घरूनच न्यावा, असं. या खेपेला देऊळ नाही. आमच्या पिकअपमध्ये जुन्या चटईत बांधलेला एका मोठ्या पेट्रोल गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सगळी सिलिंडरं ज्यात असतात तो धातूचा ठोकळा, होता, आणि तो घेऊन आम्ही दोघं दोन दिवस जिल्ह्यातून फिरलो. रस्ता चांगला आहे, कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल. बाकीचंही लिहिते, कारण ते मनातून जात नाही.

निघायचं ठरलं ते जेवताना. हे म्हणाले, "उद्या गोंदियाले जाऊन राहिलो. तू येतेस का?"

ह्यांचं सौंदडला गॅरेज आहे. वह्या मी लिहिते, पण कामासाठी सोबत चल असं ह्यांनी मला कधी म्हटलं नव्हतं. एकट्यानं जायची हिंमत होत नाही, हे मला तिथंच समजलं. मी दशम्या बांधल्या.

आधी गाडीचं सांगते. देवरीच्या यादोरावजींची, म्हणजे आमच्या काकाजींची, धानाची शेती आणि छोटी राइस मिल. त्यांचे ट्रॅक्टर, मिलचं डिझेल इंजिन, सगळं कित्येक वर्षांपासून ह्यांच्याच हातात. त्यांचा एकुलता एक निलेश हैदराबादला नोकरीला होता. त्यानं हौसेनं जुनी पण मोठी गाडी घेतली, सहा सिलिंडरांची. सुट्टीत आला की आईला म्हणायचा, "चल, एक चक्कर मारून आणतो." काकी म्हणायच्या, "एवढं पेट्रोल कायले जाळतेस? मंग जाऊ." अशाच एका सुट्टीत निलेश दोन दिवसांच्या तापात गेला. गाडी छपरीखाली उभी राहिली, आणि काकी तिच्यात कधी बसल्याच नाहीत.

वर्षश्राद्ध झाल्यावर काकाजींनी ठरवलं की गाडी सुरू करायची आणि काकींना एकदा तरी फिरवून आणायचं. गावातल्या ड्रायव्हरनं पाहण्यासाठी म्हणून ती रस्त्यावर काढली. उभ्या गाडीत उंदरांनी पाण्याचा प्लास्टिकचा पाइप कुरतडलेला, पाणी सगळं गळून गेलेलं. देवरीच्या नाक्यापर्यंत पोचायच्या आत इंजिन तापून जाम झालं. ओढत परत नेली. ह्यांनी तिथंच छपरीला चेन लावून इंजिन उतरवलं आणि ब्लॉक सौंदडला आणला. सहापैकी तिसऱ्या सिलिंडरची भिंत खरवडली होती.

ह्यांना त्यात काही अवघड वाटलं नाही. सिलिंडर खराब झालं की बोअर करायचं, म्हणजे आतून कापून रुंद करायचं, आत लाइनर ठोकायचा, इंजिन नव्यासारखं. सगळी हयात हेच केलं. साकोलीच्या लेथवर स्वतः उभं राहून तिसरं सिलिंडर कापून घेतलं. कापता कापता पात्याखालून भिंत फुटली आणि चौथ्याच्या बाजूला भोक पडलं. त्या दिवशी हे घरी येऊन जेवले नाहीत. काकाजींचे फोन यायचे तेव्हा "काम चालू आहे जी" एवढंच म्हणायचे. गोंदियाच्या मोठ्या मशीन शॉपमध्ये काही इलाज निघतो का, ते पाहायला आम्ही निघालो होतो.

सौंदडहून हायवेनं कोहमारा, तिथून डावीकडे गोरेगावमार्गे गोंदिया. रेल्वेनं गेलात तर तिकीट फार स्वस्त पडतं. आमच्याकडे ब्लॉक होता म्हणून पिकअप. मुरदोलीच्या जंगलात गाडी हळू चालवा, जनावरं आडवी येतात. त्या पट्ट्यात रस्त्याकडेला देवीचं ठाणं आहे, तिथं प्रत्येक गाडी थांबते. मी नारळ घेऊनच निघाले होते. ह्यांनी गाडी थांबवली नाही.

"काऊन? थांबा ना."

"कामात तोंड काळं करून मंग देवाले कोणतं तोंड दाखवू? तू घरी दिवा लाव."

नारळ मांडीवरच राहिला. मी मनातल्या मनात हात जोडले.

गोंदियात शिरलं की मराठी मागं पडते, हिंदी सुरू. मशीन शॉपचे मालक वयस्कर, चष्मा कपाळावर. चार जणांनी ब्लॉक खाली घेतला. मालकांनी चटई सोडली, बोटानं ते भोक चाचपलं आणि विचारलं, "ये किसने काटा?"

हे म्हणाले, "मैंने."

"नए माल पे पुराना हाथ चला दिया, मिस्त्री।"

दुकानातली दोन पोरं हसली. ह्यांनी मान वर केली नाही. मग मालकांनाच काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पोरांवर डोळे वटारले, चहा मागवला आणि समजावून सांगायला बसले. मला मशीनमधलं कळत नाही, पण त्यांचं बोलणं समजलं. हा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, म्हणून इतका हलका. पूर्वी आत लोखंडाचं नळकांडं बसवलेलं असायचं, तेच लाइनर. ह्यात लाइनर नाही. आतल्या भिंतीवर वितळलेल्या लोखंडाचा फवारा मारलेला असतो, कागदासारखा पातळ, आणि पिस्टन त्याच्यावरच घसरतो. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई असते ना, तसं समजा. कल्हई घासून काढली तर भांडं ताकाच्या कामाचं राहत नाही. आणि दोन सिलिंडरांमधली भिंत करंगळीच्या नखाएवढी, त्या भिंतीच्याही पोटातून पाणी फिरवलेलं. तिथं कापायला जागाच नसते.

"पूरा खानदान ऐसा ही है," मालक म्हणाले. "तीन सिलिंडर वाला, चार वाला, छह वाला. एक-एक सिलिंडर आधे लीटर का, डिज़ाइन सबका एक. बस गिनती बढ़ाते जाओ."

म्हणजे मापटं एकच. तीन भरली की लहान गाडी, सहा भरली की मोठी. किती काटकसरीनं केलंय, असं मला वाटलं. एकाच साच्यात सगळं घर बसवलेलं. पण इतकी काटकसर की चुकायला जागाच ठेवली नाही.

"वेल्डिंग?" ह्यांनी विचारलं.

"टिकेगा नहीं. गरम हुआ कि फिर फटेगा. नया ब्लॉक मँगाओगे तो गाड़ी से महँगा पड़ेगा." मग म्हणाले, "एक हमने भी बिगाड़ा है, मिस्त्री. तब से हाथ नहीं लगाते."

चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

मुक्काम स्टेशनजवळच्या धर्मशाळेत केला. खोली साधी, पाणी गार, पण चादरी धुतलेल्या. दशम्या होत्याच, वरून फक्त दही विकत घेतलं. संध्याकाळी काकाजींचा फोन आला. मी शेजारीच बसले होते.

"काय गा मिस्त्री, कवा येतेस?"

"उद्याच येऊन राहिलो जी."

"उद्या? अगे आयकलीस का," तिकडं त्यांनी काकींना हाक मारलेली मला ऐकू आली. फोन बंद झाला. हे माझ्याकडं पाहत राहिले. काकाजींना वाटलं, इंजिन तयार झालं. परत फोन लावा म्हटलं, तर हे म्हणाले, "फोनवर नाई सांगत. समोर जाऊन सांगतो."

सकाळी तर्री-पोहे खाल्ले. गोंदियाला गेलात तर चुकवू नका, दोन प्लेटींत तिघांचं भागतं. गोंदियाहून आमगाव, आणि आमगावहून देवरी. आमगावपर्यंत दोन्हीकडं उन्हाळी धान हिरवंगार. पुढं शेतं कमी होतात, जंगल लागतं. मोहाचे दिवस होते. झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ केलेली, आणि बाया, म्हातारे, सगळे वाकून फुलं वेचत होते. गाडीच्या खिडकीतून तो गोड, जड वास आत येत राहिला. एरवी मी उतरून दोन मुठी मागून घेतल्या असत्या. हे पूर्ण रस्ता ओठ हलवत होते. काय बोलायचं ते घोकत असावेत.

देवरीला पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. यादोरावजींच्या फाटकातच रांगोळी. छपरीखालची गाडी धुऊन पुसून ठेवलेली, बोनेटवर झेंडूची माळ. काकी ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात कुंकवाचं ताट घेऊन उभ्या. ताटात नारळ, निरांजन, साखर. मला पाहून म्हणाल्या, "ये वो बाई. चांगल्या दिवशी आलीस."

मी पायरीवरच थांबले. ह्यांनी चप्पल काढली, काकाजींसमोर गेले आणि घोकलेलं सगळं विसरले.

"काकाजी, इंजिन माह्या हातानं मेलं."

"म्हंजे?"

"बोअर करायले गेलो, भिंत फुटली. गोंदियाले दाखवून आलो. नाई होत म्हणते. आता ते सुरू नाई होत जी."

काकाजींनी आधी छपरीतल्या गाडीकडं पाहिलं. मग एकदम चढल्या आवाजात म्हणाले, "तुले समजत नोयतं तं हात कायले लावलास? म्या सांगतलो होतो का काप म्हणून? माह्या पोराची एक चीज होती, एक!"

हे हात जोडून उभे. काकाजींचं खरंच होतं.

काकी ताट घेऊन तशाच उभ्या होत्या. निरांजन वाऱ्यानं विझलं. त्यांनी ताट ओट्यावर ठेवलं आणि पिकअपकडं गेल्या. चटई स्वतः बाजूला केली. एकेका सिलिंडरमध्ये हात घातला, कणगीत तळाला किती दाणे उरले ते पाहावं तसा. तिसऱ्याशी थांबल्या.

"हेच का?"

"हो काकी."

"बाकीचे चांगले आहेत?"

"चांगले आहेत."

"पाच चांगले असून नाई चालत?"

ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. काकींनी हात पदराला पुसले आणि विचारलं, "मंग मी बसूच नाई का तिच्यात?"

मग हे म्हणाले, "बसा ना काकी. आमी ढकलतो."

काकाजी म्हणाले, "मिस्त्री, गंमत करून राहिलास का?" पण काकी तोवर गाडीजवळ गेल्या होत्या. डावीकडचं दार त्यांना उघडता येईना, मी उघडून दिलं. आत निलेशच्या जर्किनचा वास अजून होता, किंवा मला तसं वाटलं. काकी मांडीवर हात ठेवून ताठ बसल्या, बसमध्ये अनोळखी माणसाशेजारी बसतो तशा. गाडी न्यूट्रलवरच होती. इंजिन उतरवताना गिअरबॉक्स खाली लोंबू नये म्हणून ह्यांनी आडवा पाइप टाकून बांधला होता, तो घट्ट आहे का पाहिलं. चाकांखालचे दगड काढले. ह्यांनी खिडकीतून स्टिअरिंग धरलं. मी मागून जोर लावला. माझ्यानं हलेना.

मग माझ्याशेजारी काकाजी येऊन उभे राहिले. धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि दोन्ही हात डिकीला लावले.

गाडी निघाली. छपरीतून अंगणात, अंगणातून फाटकापर्यंत. रांगोळीवरून गेली. चाकांखाली खडी वाजत होती, तेवढाच आवाज. फाटकाशी थांबलो. मला वाटलं काकी रडत असतील. त्या समोर रस्त्याकडं पाहत होत्या. म्हणाल्या, "निलेश म्हणे, आई, हे चालते तं समजतच नाई. बोनेटवर पाण्याचा गिलास ठेवला तरी हलत नाई म्हणे." मग म्हणाल्या, "असीच चालत असन मंग."

काकाजी डिकीवर डोकं टेकवून उभे होते. त्यांची पाठ हलत होती.

गाडी परत छपरीत लावली, चाकांखाली दगड ठेवले. काकींनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वरण, भात, वांग्याची भाजी. काकाजी पंगतीला बसले नाहीत. निघताना फाटकापर्यंत आले.

"ब्लॉक अठीच, छपरीत उतरव. भंगारात नाई देत मी."

"हो जी."

"ट्रॅक्टरसाठी बलावीन तुले. या गाडीचं नाव माह्याजवळ काढू नको."

देवरी ते कोहमारा हायवे एकदम गुळगुळीत, ट्रकांची गर्दी मात्र फार. रिकामी पिकअप उड्या मारत होती. मी विचारलं, पाणी खरंच हलत नाही का? हे म्हणाले, सहा सिलिंडर एका रांगेत असले की तसंच असतं. पहिला-सहावा, दुसरा-पाचवा, तिसरा-चौथा, जोडीजोडीनं वर-खाली होतात. एका जोडीचा धक्का बाकीच्या दोन जोड्या झेलतात, बाहेर काहीच येत नाही. चार सिलिंडरांत तेवढं जमत नाही, तीनमध्ये तर नाहीच. "म्हणून एक गेला का सारंच गेलं," हे म्हणाले.

घरी आल्यावर दिवा लावला. नारळ देवापुढं ठेवला, पण काय मागावं ते सुचलं नाही, म्हणून नुसती बसले. खर्च फार झाला नाही, डिझेल हाच मोठा. कुणाला ही फेरी करायची असेल तर मोहाच्या दिवसांतच करा, पहाटे निघा. दोन दिवस पुरतात. आम्हाला पुरले नाहीत एवढंच. काकींचे ते मांडीवर ठेवलेले हात अजून डोळ्यापुढं आहेत.

काल गॅरेजवर कुणी नवी गाडी घेऊन आला. इंजिन पाणी खाऊन राहिलं म्हणाला, खोलून पाहा. मी आतून ऐकत होते. एरवी ह्यांनी त्याचं बोलणं संपायच्या आत बोनेट उघडलं असतं.

"गोंदियाले ने, भाऊ," हे म्हणाले. "माह्याच्यानं नाई होत."

तो माणूस गेला. हे तिथंच उभं राहून चिंधीनं हात पुसत राहिले. हातांना काही लागलेलंच नव्हतं.