सांगितलेलं परत म्हणणारे काका

साखळीहून पणजीला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये ते वर्षभर माझ्या शेजारी बसायचे आणि डिचोलीला उतरायचे. निवृत्त तारवटी; जहाजावर सुकाणू धरायचे. त्यांची खोड अशी, की कोणी काही सांगितलं की ते मोठ्याने परत म्हणायचे. कंडक्टर म्हणाला, "काका, पिशवी आत घे," की हे, "पिशवी आत घेतंय," आणि घेऊन झाली की, "घेतली." सगळी बस हसायची. मीही.

एकदा मी कारण विचारलंच.

"बाय, जहाजांच्या मोठ्या कालव्यात शिरायच्या आधी फुडचो मोठो दिवो, रेडिओ, सगळां तपासतत. रेडिओ बंद असलो तर जहाज आत सोडनत नाय. पण वाट दाखवूक जहाजार चढलेल्या पायलटान सांगलेला तोंडान परत म्हणूक लागता. नायतर तेका कसा कळतला, कोणी आयकला म्हणून?"

गुडघ्यावरच्या मुठी सुकाणू धरल्यासारख्या आवळून ते खिडकीबाहेर बघू लागले. "बायलेन एकदा जहाजार फोन केल्यान. म्हणाली, 'छातीत दुखता.' मी नुसतां 'हां, हां' म्हटलंय. पायलट परको, तेचा सगळा परत म्हटलंय."

तेवढ्यात डिचोली आलं.

दारातून वळून ते म्हणाले, "उद्यापासून मी येवचंय नाय. लेकीकडे रवाक जातंय. बरी रव गे बाय."

मी नुसती मान हलवली.

बस सुटली तरी ते थांब्यावर उभे राहून माझ्याकडेच बघत होते. ते कशाची वाट बघत होते, हे मला पुढच्या थांब्यावर कळलं.